एक छप्पर, एक चूल
भिवंडीतील कुटुंबजीवनाच्या अभ्यासास प्रस्तावना

जुन्या मराठीत ‘कुटुंब’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनापुढे माणसांचा समूह उभा राहत नसे, एकच बाई उभी राहत असे. ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे म्हणणारा गृहस्थ आपल्या बायकोविषयी बोलत असे. तिचे नाव चारचौघांत घेण्याचा संकोच त्याला या समूहवाचक नामाच्या आश्रयास नेत असे. मराठी घरांतून हा प्रयोग आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. भिवंडीत मात्र त्याच जातीचा एक प्रयोग रोज कानांवर पडतो. शब्द तेवढा इंग्रजीतून आलेला आहे. यंत्रमागावर काम करणारा, आझमगड किंवा गोरखपूर जिल्ह्यातून आलेला माणूस ‘फॅमिली मुलुक में है’ असे सांगतो, तेव्हा बायको गावी आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. आणि खोली भाड्याने देणारा ‘फॅमिलीवाले हो?’ असे विचारतो, तेव्हा त्यालाही तेवढेच जाणून घ्यायचे असते. आईबाप, भाऊ, भावजया, लग्नाची बहीण, शेताचा तुकडा, सावकाराचे देणे हे सारे त्या शब्दाच्या बाहेर राहते, आणि त्या माणसाची मजुरी मात्र नेमकी त्याच साऱ्यांकडे वाहत असते. शब्दाची वाट आणि पैशाची वाट अशी निराळी का झाली, हा प्रश्न मनात धरून पुढील प्रकरणे लिहिली आहेत.

कामवारी नदीच्या काठचे, मुंबईहून आग्र्यास जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे हे गाव. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी ही येथली जुनी वस्ती. १८५७च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील मोमीन विणकरांची घराणी याच रस्त्याने दक्षिणेकडे सरकली; त्यांतली काही मालेगावी थांबली, काही येथवर आली, आणि हातमागांच्या खटखटीने गावाचा नाद बदलला. स्वातंत्र्यापूर्वीच्या काही दशकांत हातमागाची जागा विजेवर चालणाऱ्या मागाने घेण्यास आरंभ केला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप सुरू झाला, ज्यातून सुमारे अडीच लाख कामगारांपैकी पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसलेच नाही. गिरणीतले कापड भिवंडीच्या पत्र्याच्या खात्यांत विणले जाऊ लागले आणि गाव पाहता पाहता महानगर झाले. २०११च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या सात लाखांवर भरली. त्याच खानेसुमारीतला दुसरा आकडा माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे: दर १००० पुरुषांमागे येथे स्त्रिया जेमतेम ७००च्या आसपास निघाल्या. एखाद्या प्रांतात असा आकडा निघाला असता तर आपण स्त्रीभ्रूणहत्येकडे बोट दाखवले असते. येथे त्याचे मुख्य उत्तर ‘मुलुक’ या एका शब्दात आहे. उरलेल्या स्त्रिया दीड हजार किलोमीटरवरच्या खेड्यांत आहेत आणि तेथल्या खानेसुमारीत मोजल्या गेल्या आहेत.

भिवंडीचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला १९७० आणि १९८४ सालचे दंगे आठवतात. त्यांवर न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालापासून वर्तमानपत्री लेखांपर्यंत पुष्कळ लिहिले गेले आहे; पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्या आणि १९९२-९३ साली मुंबई जळत असता शांत राहिलेली भिवंडी, याही गोष्टी सुदैवाने आता लोकांना ठाऊक झाल्या आहेत. मी दंग्यांवर लिहिणार नाही. दंगा हा गावाच्या आयुष्यातला काही दिवसांचा ज्वर असतो. त्या गावात उरलेल्या दिवशी कोण कोणासाठी भाकरी थापते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि त्याविषयी आपले वाङ्मय फारच दरिद्री आहे.

आपल्याकडे कुटुंबाचा शास्त्रीय विचार ज्यांनी केला त्यांत इरावतीबाई कर्वे यांचे स्थान पहिल्या रांगेत आहे. भारतातील आप्तसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकत्र कुटुंब ओळखावे कसे, याच्या त्यांनी ज्या खुणा सांगितल्या त्या आजही प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवल्या जातात: माणसे बहुधा एका छपराखाली राहतात, एका चुलीवर शिजलेले अन्न खातात, मालमत्ता सामाईक धरतात, कुळाचारात एकत्र भाग घेतात आणि एकमेकांशी विशिष्ट नात्याने बांधलेली असतात. ही व्याख्या वाड्याच्या ओसरीवर बसून वाचली तर पूर्ण वाटते. भिवंडीत ती हातात घेऊन हिंडू लागले की एकेक खूण सुटून निराळ्या दिशेने जाते: छप्पर एकीकडे, चूल दुसरीकडे, मालमत्ता तिसऱ्या जिल्ह्यात, आणि नाते या तिन्हींना अदृश्य दोरीने बांधून धरणारे.

चुलीपासूनच आरंभ करू. शांतिनगर, नागाव अशा यंत्रमागांच्या वस्त्यांत ‘भिस्सी’ नावाची एक संस्था आहे. मराठी माणसाच्या कानाला हा शब्द ‘भिशी’सारखा लागतो आणि त्याला बायकांची बचतमंडळी आठवते, येथे त्याचा अर्थ खानावळ. एका खोलीत, बहुधा एखादी बाईच चालवत असलेल्या या चुलीवर वीस, तीस, कधी त्याहून अधिक मागकामगार दोन वेळा जेवतात आणि पगार झाला की हिशेब चुकता करतात. मागाची पाळी बारा तासांची असते. दिवसपाळीचा माणूस ज्या चटईवरून उठतो तीवर रात्रपाळीचा येऊन पडतो, आणि पुष्कळांच्या नशिबी तर ती खोलीही नसते, ते मागाशेजारीच, सुताच्या तुसात अंग टाकतात. म्हणजे एक छप्पर आहे, एक चूल आहे, खर्चही सामाईक आहे. आणि या माणसांत रक्ताचे नाते बहुधा नाही. एक गाव, एक जिल्हा किंवा एक बिरादरी एवढाच त्यांचा धागा. त्यातला कोणी आजारी पडला तर त्याला दवाखान्यात नेणारा, मुकादमाशी भांडणारा, आणि दुर्दैवाने तो मेला तर त्याला गावी पोचवण्यासाठी वर्गणी गोळा करणारा हाच समूह असतो. त्याला कुटुंब म्हणावे काय? तेथे जेवणाऱ्यांना हा प्रश्न विचारला तर ते हसतील. त्यांच्या मनात घर कोठे आहे याविषयी तिळमात्र संदेह नाही.

भिस्सी चालवणाऱ्या बाईचा प्रश्न मात्र तिच्या गिऱ्हाइकांइतका सोपा नाही. पहाटे चारला उठून ती ज्यांच्यासाठी पोळ्या लाटते ते तिला ‘भाभी’ किंवा ‘चाची’ म्हणतात, उधारी मागतात, घरची दुःखे तिला सांगतात आणि मंदी आली की पैसे बुडवून मुलुखालाही जातात. नात्याचे संबोधन आणि गिऱ्हाइकाचा हिशेब एकाच वहीत मांडण्याचे तिचे कसब मी थक्क होऊन पाहिले आहे. उधारी तुंबलेल्या माणसाला ताट नाकारणे तिला जमत नाही, कारण ती भाभी आहे. आणि ताट वाढतच राहिले तर वाण्याचे देणे चुकत नाही. समाजशास्त्राच्या ग्रंथांत ‘मानलेली नाती’ या मथळ्याखाली ज्याची दोन पानांत वासलात लावलेली असते त्या विषयासाठी मी या पुस्तकाचे सर्वांत दीर्घ प्रकरण खर्ची घातले आहे, त्याचे कारण एवढेच.

येथे मराठी वाचकाने हे परप्रांतीयांचे विचित्र जीवन म्हणून दुरून पाहू नये, अशी माझी विनंती आहे. शंभर वर्षांपूर्वी लालबाग-परळच्या चाळींतून रत्नागिरी-सातारचा माणूस हाच संसार करीत होता. एकेका गाळ्यात गावकरी मंडळाचे डझनावारी पुरुष, कोपऱ्यात ट्रंकांची रास, पाळ्यांनुसार वाटून घेतलेली झोपेची जागा, आणि जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे. याच खानावळवाल्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. ‘चाकरमानी’ या शब्दात आज आपण गणपतीच्या गर्दीचा विनोद पाहतो; त्याच्या मुळाशी नवरा मुंबईत आणि बायको कोकणातल्या घरी सासूच्या धाकात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची विभागणी होती. १९८२नंतर माग गिरणीतून भिवंडीत गेले आणि त्यांच्याबरोबर संसाराची ही रीतही गेली. संगमेश्वराच्या जागी सिद्धार्थनगर आले, मनिऑर्डरीच्या जागी मोबाइलवरून पाठवलेला पैसा आला. जे कुटुंब दोन ठिकाणी उभे करून चालवता येते त्याच कुटुंबाची मागणी माग करतो, असे दिसते. कारण मजुरीचा दर एकट्या पोटाला पुरेल एवढाच असतो, आणि म्हातारपण, बाळंतपण, बेकारी यांचा भार दूरच्या खेड्यातल्या घराने उचलावा हे त्यात गृहीत असते. मालक हे बोलून दाखवत नाही. तसे त्याला करावेच लागत नाही.

सरकारी दप्तर या बाबतीत अगदीच आंधळे आहे. खानेसुमारीच्या लेखी नेहमी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुखाचे नाव असते, तो प्रमुख वर्षातले दहा महिने त्या पत्त्यावर नसतो, आणि जेथे तो असतो तेथे तो कोणत्याच कुटुंबाचा घटक नसतो. देशात कोठेही धान्य उचलता यावे अशी योजना अलीकडे अमलात आली हे खरे, पण खेड्यातली बायको आणि भिवंडीतला नवरा यांनी एका पत्रिकेवरचे गहू वाटून कसे घ्यावेत, हे त्यांच्या आपसांतल्या समजुतीवरच राहिले आहे. गुजरातेतील महुवा गावाच्या अभ्यासात आय. पी. देसाई यांनी १९६४ सालीच दाखवून दिले होते की वेगळ्या घरात राहणारे भाऊ कर्तव्याने आणि व्यवहाराने एकत्र असू शकतात, आणि ए. एम. शहांनी पुढे ‘घर’ आणि ‘कुटुंब’ या दोन कल्पना निराळ्या धरण्याचा आग्रह धरला. विद्वानांना कळलेली ही गोष्ट तहसील कचेरीपर्यंत अद्याप पोचायची आहे.

मोमीन विणकरांच्या जुन्या मोहल्ल्यांत गेले की चित्र उलटे होते. तेथे घर आणि कारखाना यांच्यामध्ये कित्येकदा एकच भिंत असते. हातमागाच्या काळी बाप विणी, आई आणि मुली कांड्या भरीत, म्हातारा ताणा लावी; मागावर बसण्याचे वय आणि कळते होण्याचे वय एकच धरले जाई. वीज आली, माग वाढले, मजूर आले, आणि बायकांचे काम मात्र तेवढे भिंतीच्या आत राहिले: कांडी भरणे, विणलेल्या कापडावरचे सुटे धागे कापणे. त्या कामाला मजुरी लावण्याची पद्धत पुष्कळ घरांत नाही, कारण ते ‘घरचेच’ काम. बाप मेल्यावर मागांची वाटणी होते तेव्हा शरियतीप्रमाणे मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा. पण तो निम्माही प्रत्यक्षात मागाच्या रूपाने तिच्या हाती क्वचितच पडतो. या मोहल्ल्यांत बसून मी जे ऐकले त्यात शिकलेल्या मुलींच्या लग्नाची चिंता सर्वांत वर होती: भाऊ बारा-तेराव्या वर्षी मागावर गेला, बहीण पदवीपर्यंत पोचली, आणि आता बिरादरीत तिच्या जोडीचा मुलगा मिळत नाही. यंत्राने घरातला मुलगा गिळला आणि मुलगी शाळेसाठी मोकळी सोडली, हा परिणाम कोणी योजला नव्हता.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर इरावतीबाईंच्या दुसऱ्या एका सिद्धांताचे स्मरण करून देतो. भाषेच्या सीमा आणि सोयरिकीच्या रीती यांचा मेळ घालून त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते प्रशस्त, आणि महाराष्ट्र मध्ये उभा राहून मामाची मुलगी करू देणारा. हा नकाशा काढायला त्यांना देशभर पायपीट करावी लागली. भिवंडीत तो एका गल्लीत उलगडतो. पूर्वांचलातला हिंदू मजूर आपल्या गावातल्या प्रत्येक मुलीला बहीण मानतो आणि लेकीच्या सासरचे पाणी पिणे त्याच्या आईबापांना अवघड जाते. शेजारचा अन्सारी चुलत्याच्या मुलीशी सोयरीक आनंदाने करतो. पद्मानगर-कामतघरातला तेलुगू पद्मशाली, जो बहुधा बायकामुलांसह येतो आणि म्हणून या शहरात वेगळ्याच रीतीने रुजला आहे, त्याच्याकडे भाचीचा हात मामाने धरणे हा जुना मान. आणि मराठी कुणब्याला मामाची मुलगी चालते, चुलत्याची नाही. हे चौघे एकाच नळावर पाणी भरतात आणि प्रत्येक जण उरलेल्या तिघांच्या रीतीला मनातल्या मनात अधर्म समजतो. मला मात्र त्यांचे शेजारपण हीच नवलाची गोष्ट वाटते.

शहर ओलांडून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीकडे गेले की माग संपतात आणि गोदामे लागतात. ही आगऱ्यांची गावे. ‘आगर’ म्हणजे मिठागर. खाडीकाठी मीठ पिकवणारा आणि भाताची खाचरे लावणारा हा समाज. पुष्कळजण खोतांची नि सावकारांची कुळे होते. १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन यांनी त्यांना जमिनीचे मालक केले. त्या मालकीने पन्नास वर्षे भाताखेरीज फारसे दिले नाही, आणि मग मुंबईच्या व्यापाराला गोदामांची जागा हवी झाली तेव्हा अकस्मात एकेका गुंठ्याला सोन्याचे मोल आले. ज्या सातबाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यावरच्या प्रत्येक नावाचा हिशेब सुरू झाला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला; तलाठ्याच्या दप्तरी वारसनोंद करताना आता बहिणींची नावे चढवावी लागतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बहुतेक घरांत हक्कसोड पत्राचा दस्तऐवज तयार होतो. बहिणी सही का करतात, हे मी अनेकींना विचारले. कोणी भावाच्या मायेचे कारण दिले, कोणी भीतीचे. पण सर्वांच्या बोलण्यात एक शब्द हटकून आला: माहेर. जमीन घेतली तर हळदीला कोणी बोलावणार नाही, भाऊबीजेला दार उघडे नसेल, धवलारीण ज्या मांडवात धवले गाते त्या मांडवात आपल्याला जागा नसेल. कायद्याने दिलेला हिस्सा किंमत म्हणून मोजून बहीण माहेर विकत घेते. या सौद्यात ती नाडली जाते असे माझे मत आहे, आणि ते मी पुस्तकात लपवलेले नाही. परंतु तिला आपल्या हिताचे कळत नाही असे म्हणणाऱ्या शहरी सुधारकाशी माझा त्याहून मोठा मतभेद आहे.

वीटभट्ट्यांविषयी येथे थोडेच लिहितो, कारण तो विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात एके काळी ‘लग्नगडी’ नावाची रीत होती: लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला वारली आपल्या बायकोसह त्या कर्जापायी जन्मभर राबे. १९४५च्या उठावात गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वारल्यांना ती वेठ झुगारायला शिकवले, १९७६ साली वेठबिगारी कायद्याने रद्द झाली. आज भिवंडी तालुक्यातल्या भट्टीवर येणारा कातकरी कायद्याने मुक्त आहे. तरी पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला तो येतो तेव्हा नवराबायकोची जोडी मिळूनच कामाचा हिशेब धरला जातो, आठवड्याची खर्ची नवऱ्याच्या हाती पडते आणि बायकोची मजुरी वेगळी अशी कोणत्याच वहीत नसते. मागाने नवराबायकोला तोडले; भट्टीने त्यांना अशा रीतीने जोडले आहे.

या पुस्तकाचे काम चालू असतानाच २०२० सालचा मार्च उजाडला. टाळेबंदी लागली, माग बंद झाले, भिस्स्यांच्या चुली विझल्या, आणि नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसांची ती रांग लागली जी आपण सर्वांनी पाहिली. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी श्रमिकांची खास गाडी सुटली. पुढे काही महिन्यांनी त्यांतले पुष्कळ परत आले, कारण गावच्या घराला पाठवलेला पैसा लागतो, पैसा मिळवणारा माणूस घरी बसलेला परवडत नाही. मी ज्या भिस्सीत बसून टिपणे घेत असे ती मात्र पुन्हा सुरू झाली नाही. चालवणारी बाई बुडालेली उधारी तशीच सोडून मुलुखाला गेली.

पुढील प्रकरणांत भेटणाऱ्या माणसांची नावे मी गाळली आहेत, काहींचे गावही बदलले आहे. त्यांच्या बोलण्यात मात्र ढवळाढवळ केलेली नाही. भिवंडीकर वाचकांना यात चुका आढळतील. त्यांनी त्या अवश्य दाखवून द्याव्यात, आणि दाखवताना शक्य झाल्यास आपल्या घरच्या जुन्या हिशेबाच्या वह्या, भिस्सीची खाती, हक्कसोड पत्रांच्या नकला मला पाहू द्याव्यात. पुढच्या आवृत्तीला त्यांची गरज आहे.